आत्याचे सात खंड

खंड, देश, राज्य आणि जिल्हा यांतला फरक माझ्या आत्याइतका स्वच्छ कळलेलं माणूस मराठवाड्यात दुसरं झालं नाही, असं मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे, आणि त्यात भूगोलाचे प्राध्यापकही आले. आत्या शाळेत गेली ती दुसरीपर्यंत. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या खेड्यात तिचा जन्म गेला. पण तिच्यासमोर कुणी 'आफ्रिका देश' म्हणालं, की ती हातातलं काम ठेवून त्या माणसाकडे अशी बघायची, जणू त्यानं तिच्या शेळीला म्हैस म्हटलंय. एकदा शेजारी मुलगी बघायला पाहुणे आले होते. मुलाचा बाप मिशीवर हात फिरवत म्हणाला, "पोरगं दुबई देशात हाय." आत्या पोह्यांच्या बश्या घेऊन आली होती. तिनं बशी दिली आणि शांतपणे सांगितलं की दुबई हे शहर आहे. लग्न जमलं, पण आत्याला पत्रिका आली नाही.

हा नाद तिला लागला बहात्तरच्या दुष्काळात. आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आणि रेशनवर तांबडी, बेचव मिलो ज्वारी मिळायची. ही कुठली, असं तिनं मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, अमेरिकेची. अमेरिका म्हणजे गाव की जिल्हा, हा तिचा पुढचा प्रश्न. मुंबईच्या अलीकडे एक जिल्हा आहे, असं मुकादमानं ठोकून दिलं. आत्याला ते पटलं नाही. सगळीकडे दुष्काळ असताना एकाच जिल्ह्यात एवढी ज्वारी कशी पिकेल? तिच्या शेजारी पाटलांची धाकटी सून खडी फोडत असे. बाई मॅट्रिक झालेली, पण विहीर आटल्यावर तीही हातोडा घेऊन रस्त्यावर आली होती. एरवी आमच्या वस्तीतली बाई आणि पाटलांची सून एका पाणवठ्यावर भेटल्या नसत्या. दुष्काळानं त्यांना एका खडीच्या ढिगावर बसवलं. त्या सुनेनं दगडाच्या टोकानं धुळीत सात खंड काढून दाखवले, आणि आत्यानं ते कायमचे डोक्यात ठेवले. एकच गोष्ट तिला शेवटपर्यंत खटकत राहिली. अमेरिका नावाचे दोन खंड, आणि त्यांतल्या एकातल्या देशालाही लोक अमेरिकाच म्हणतात. "एक नाव तिघांना? आमच्या हजेरीच्या मस्टरवर चाललं असतं का हे?" असं ती विचारायची.

पुढे तिनं आपली शिकवायची रीतच काढली. घंगाळ म्हणजे खंड, त्यात पातेलं म्हणजे देश, पातेल्यात तपेली म्हणजे राज्य, तपेलीत वाटी म्हणजे जिल्हा, आणि वाटीत एक हरभरा, ते आपलं गाव. येणाऱ्याजाणाऱ्याला ही उतरंड बघावीच लागे. मग ती भांडी पुन्हा कामाला लागत, त्यामुळे आमच्याकडे कित्येक वर्षं चहा देशात उकळला आणि डाळ राज्यात शिजली. विहारात पौर्णिमेला ती लहान मुलांना सांगायची, की बुद्ध जन्मले ती जागा आज नेपाळ देशात आहे, पण धम्म आशिया खंडभर गेला. हे सांगताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

माझं नर्सिंगला नाव घालायचं ठरलं, तेव्हा लातूर जिल्हा नुकताच झाला होता. अर्जाचा शेवटचा दिवस. नांदेडला दादा, म्हणजे माझे वडील, आणि मी निघालो, तर आत्या भाकरी बांधून बरोबर आली. नर्सिंग शाळेच्या खिडकीतल्या कारकुनानं कागद पाहिले आणि परत सरकवले. दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद, अर्जात लातूर, तेव्हा नवा दाखला आणा, म्हणाला. नवा दाखला आणायला दोन दिवस तरी लागले असते. दादांनी मान खाली घातली. सरकारी खिडकीपुढे त्यांचं तोंड कधी उघडलंच नाही. मला रडू यायला लागलं. तेव्हा आत्या पुढे झाली.

"साहेब, मी निजामाच्या राज्यात जन्मले," ती म्हणाली. "मग ते हैदराबाद राज्य झालं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. जिल्हा उस्मानाबाद होता, आता लातूर हाय. इतक्या वर्षांत आमी बिऱ्हाड एकदाबी हालवलं न्हाई. जिल्हा आमच्यावरून गेला साहेब, आमी कुठं गेलो न्हाई."

आतून मुख्य बाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी दाखल्यावरची तारीख पाहिली, अर्जावर 'जिल्हा विभाजनापूर्वीचा दाखला, ग्राह्य' असं लिहून सही केली आणि आत्याला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?"

"दुसरी," आत्या म्हणाली. बाईंनी स्वतः खुर्ची ओढून तिला बसायला दिली.

परतीच्या एसटीत दादा कंडक्टरला, शेजारच्या म्हातारबाबाला, पुढच्या बाकावरच्या बाईला, कुणी विचारलेलं नसताना सांगत होते, "ही माझी थोरली बहीण." आत्या खिडकीबाहेर बघत होती. ऐकू येत नसल्यासारखं करणं तिला काही जमत नव्हतं.

मी नर्स झाले. पगार सुरू झाला तेव्हा तिला म्हटलं, चल, तुला समुद्र दाखवते. सातही खंड ज्याच्या काठावर आहेत, तो तिनं पाहिलाच नव्हता. ती दर वर्षी म्हणायची, यंदा कापूस वेचून झाला की जाऊ. मग गुडघे दुखायला लागले, आणि मग ती गेली.

मी समुद्र पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. किनाऱ्यावर उभी राहिले, पायाला पाणी लागलं. आजूबाजूला लोक फोटो काढत होते. मी हळूच, पण आत्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "आत्या, आपला खंड इथं संपतो बघ."