सारख्या उंचीची दोन स्टुलं

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरात चष्मा शोधत होतो. चष्मा कपाळावर होता. फोनवर शैलावहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले... चहा ठेवला, हाक मारली, तर..." एवढंच बोलल्या. मग स्वतःला सावरून, काळजी जणू माझ्या प्रवासाचीच करायची असल्यासारखं म्हणाल्या, "सावकाश या. तुम्ही आल्याशिवाय नेणार नाही." अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. राग येत होता, आणि तो माझाच येत होता. डॉ. दिगंबर हा माझा पन्नासहून जास्त वर्षांपासूनचा मित्र. त्याच्याशी एका गोष्टीवर बोलायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो होतो, आणि आता ते कायमचंच टळलं होतं. घरासमोर मांडव पडला होता, भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात निळ्या प्लास्टिकची दोन जुनी स्टुलं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. एवढी गर्दी होती, पण त्यांच्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

आम्ही रेणापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो पुढे डॉक्टर झाला, मी मराठीचा मास्तर. डॉक्टर झाला तोही असा, की ज्याच्याकडे कधी पेशंट आले नाहीत. नांदेडला मेडिकल कॉलेजात तो सामाजिक वैद्यक शिकवायचा. म्हणजे कोणत्या गावात कोणाला काय होतं, पाणी कुठलं पितात, झोपतात कुठे, हे फॉर्म घेऊन घरोघर विचारत हिंडायचं. किनवटच्या जंगलातल्या वाड्यावस्त्यांवर तो आठ-आठ दिवस मुक्काम ठोकायचा. "तू डॉक्टर आहेस की तलाठी?" असं मी त्याला चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, "तलाठी निदान जमिनीची नोंद ठेवतो, मास्तर. माणसाची कोण ठेवतंय?" वाद घालण्यात त्याला रस नसायचा. आपलं वाक्य संपलं की उठून स्वतःचा कप स्वतः विसळायचा. ही त्याची जन्माची सवय.

तुरुंगाचं काम त्याच्याकडे आलं ते एका आरोग्य शिबिरामुळे. कुठला तुरुंग ते लिहीत नाही. मराठवाड्यातलाच. शिबिर तासाभराचं होतं. कैदी रांगेनं येत होते आणि प्रत्येक जण एकाच सुरात "बरं हाय, साहेब" म्हणून पुढे सरकत होता. परत आल्यावर मला फोन करून म्हणाला, "इतकी निरोगी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत. आणि एकाचेही पाय धड नव्हते रे." त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. आतल्या माणसांच्या तब्येतीचा नीट अभ्यास करायचा आणि तो छापायचा. छापायचा यावर त्याचा फार जोर. कपाटात पडलेला अभ्यास आणि न केलेला अभ्यास यात त्याच्या लेखी काही फरक नव्हता. परवानग्या मिळवण्यात त्याचे बरेच बूट झिजले. शेवटी परवानगी आली ती एका अटीवर: छापण्याआधी मजकूर तुरुंग खात्याच्या वरच्या कार्यालयाला दाखवायचा.

संमतीपत्राचा मराठी मसुदा मी केला. "मी सदर संशोधनप्रकल्पात स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना सहभागी होण्यास अनुमती देत आहे..." मला तो फार आवडला होता. पहिल्या दिवशी दिगू मलाही आत घेऊन गेला. माणसं जमिनीवर उकिडवी बसली होती, आम्ही टेबलामागे. शिपाई नाव पुकारत होता, एकेक जण पुढे येऊन सही नाहीतर अंगठा करत होता. भराभर गठ्ठा तयार झाला. मी खूश. एवढ्यात एका म्हाताऱ्यानं अंगठा पुसत हळूच विचारलं, "साहेब, हे जामिनाचंच हाय ना?" दिगूनं पेन खाली ठेवलं. मग एकेकाला विचारलं, तर निम्म्यांना ते जामिनाचे कागद वाटले होते, आणि उरलेल्यांना काहीच वाटलं नव्हतं, साहेबानं सांगितलं म्हणून त्यांनी अंगठे उठवले होते. दिगूनं सगळा गठ्ठा माझ्यादेखत फाडला. गेटाबाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, आता माणसांच्या भाषेत लिही."

मी पुन्हा लिहिलं. चारच वाक्यं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. नाही म्हणालात म्हणून काही त्रास होणार नाही. तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही जे सांगाल ते मात्र येईल. यातलं शेवटचं वाक्य दिगूनं मागितलं नव्हतं, मीच आपणहून घातलं होतं. दिगूनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "हे पाळावं लागेल हं."

त्याच आठवड्यात त्यानं नांदेडच्या वजिराबाद बाजारातून ही दोन स्टुलं घेतली. दुकानात जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून, वाकून, उंची सारखी असल्याची खात्री करून घेतली. कैद्याला स्टूल द्यायचं म्हटल्यावर तिथले अधिकारी हसले. "मग मीही खालीच बसतो," असं म्हणून हा खरोखरच फरशीवर मांडी घालून बसला. मोठ्या कॉलेजातला प्राध्यापक जमिनीवर बसलेला त्यांनाच बघवेना. स्टुलांना परवानगी मिळाली. रोज ती स्कूटरवरून जायची आणि रोज गेटावर उलटी करून तपासली जायची. शिपाई दिसेल पण त्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर स्टुलं मांडायची, आणि आधी ती चार वाक्यं म्हणून दाखवायची. काही जण न्हाई म्हणायचे, त्यांचे आभार मानून हा पुढच्याला बोलवायचा. हाव म्हणणाऱ्यांना पहिला प्रश्न एकच, "झोप लागती का?" मग ते थांबायचे नाहीत. कोणाला खरजेनं जीव नको झालेला. कोणाचा दात महिनोन् महिने ठणकत होता. दाटीमुळे एकाच कुशीवर झोपून कोणाचा खांदा आखडलेला. एकाचा चष्मा पकडतानाच्या झटापटीत फुटला होता, आणि त्याला स्वतःच्या खटल्याचे कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत होते. नावं काढून टाकलेले ते कागद दिगू माझ्याकडे लातूरला पाठवायचा. मी ते स्वच्छ अक्षरात उतरवून त्यांचं इंग्रजी करायचो.

त्यात एका कच्च्या कैद्याचं म्हणणं होतं, म्हणजे ज्याचा निकाल अजून लागलेला नव्हता अशा माणसाचं. माझ्या अक्षरात ते अकरा ओळींचं झालं. त्याला एक दुखणं होतं. ते त्यानं कोणाकोणाला सांगितलं, किती वेळा सांगितलं आणि दर वेळी काय उत्तर मिळालं, इतकंच. त्यात शिवी नव्हती की तक्रारीचा सूर नव्हता. त्या ओळी उतरवल्यावर मी उठून अंगणात फेऱ्या घालत राहिलो होतो.

संशोधनाचा पेपर तयार झाला, एका जर्नलनं तो स्वीकारला. मग अटीप्रमाणे वरच्या कार्यालयाला दाखवला. तिथून पत्र आलं की बाकी हरकत नाही, अमुक परिच्छेद पडताळलेला नसल्यामुळे वगळावा. तो परिच्छेद म्हणजे त्याच अकरा ओळी. दिगूनं मला नांदेडला बोलावून घेतलं. ओसरीत त्याच स्टुलांवर आम्ही बसलो होतो.

"काय करू, मास्तर?"

"काढून टाक," मी म्हणालो. "अकरा ओळींपायी बाकीच्यांचं सगळं बुडवणार आहेस का? ती खरूज, ते दात... निदान ते तरी येऊ दे लोकांपुढे."

"येईल म्हणून सांगितलंय रे त्याला."

"त्याला कुठं कळणार आहे? इंग्रजीत आहे."

हे वाक्य माझं आहे. जन्मभर पोरांना भाषा शिकवलेल्या माणसाचं. दिगू उठला, आत जाऊन कप विसळायला लागला. पुष्कळ वेळ विसळत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं त्या ओळी काढल्या. पेपर छापून आला, मी लातूरला गल्लीत पेढे वाटले. त्यानं वाटले नाहीत. 

वर्षभरानं त्या अकरा ओळींचा माणूस सुटला आणि पत्ता विचारत दिगूच्या घरी आला. पुढचं मला शैलावहिनींनी सांगितलं. त्याला ती स्टुलं ओळखू आली, म्हणून न सांगताच तो एकावर बसला. म्हणाला, "छापून आलंय म्हणं, डाक्टरसाब. बघावं म्हणलं." दिगूनं पेपर आणून त्याच्या हातात दिला. त्यानं पानं उलटली, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात मपलं कुठंय?"

दिगूला त्या पानावर कुठेही बोट ठेवता आलं असतं. त्याला कुठं कळणार होतं...

"तुमचं नाही त्यात," दिगू म्हणाला. "मी काढलं."

त्या माणसानं पेपर मिटून दिगूला परत दिला. मग म्हणाला, "असू द्या. तुमी तरी काय करताल." चहा घेऊन निघून गेला. रागावला असता तर दिगूला सोपं गेलं असतं, असं वहिनी म्हणतात, आणि मला ते पटतं. त्या दिवशी दिगूनं फोनवर मला घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. "तुझं ऐकून" असा एक शब्द तो तेव्हा बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. मीही विषय काढला नाही. मला वाटायचं, काढला तर तो मला माफ करून टाकेल, आणि ते मला नको होतं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, आणि नंतरही, त्यानं एकच उद्योग केला. त्या अकरा ओळी छापायच्या. कार्यालयाला पत्रं, स्मरणपत्रं. कोणी म्हणालं माहिती जुनी झाली, कोणी म्हणालं एकट्या माणसाच्या सांगण्याला संशोधन म्हणत नाहीत, कोणी उत्तरच दिलं नाही. मागच्या थंडीत तो लातूरला आला होता. जिना चढताना दोनदा थांबला. पिशवीतून माझ्या अक्षरातला तो मूळ कागद काढून माझ्या हातात दिला. "तुझं अक्षर आहे, तुझ्याकडंच ठेव," म्हणाला. आमची ती शेवटची भेट.

त्याच्या तेराव्याहून परतल्यावर मी ठरवलं की या लेखात त्या ओळी जशाच्या तशा छापायच्या. मराठीत. इथे कोणाची अट नव्हती. लेख लिहून झाला, शेवटी त्या ओळी घातल्या, आणि कित्येक वर्षांनी मला जरा बरं वाटलं. पण ओळी दिगूच्या नव्हत्या, माझ्याही नव्हत्या. विचारायला हवं होतं. वहिनींनी दिगूच्या डायरीतून त्या माणसाचा नंबर काढून दिला. मी निरोप ठेवला, आणि परवा तो नांदेडला दिगूच्या घरी आला. मीही लातूरहून गेलो.

वहिनींनी स्टुलं पुसून मांडली. तो एकावर बसला, मी दुसऱ्यावर. माझ्याच संमतीपत्रातली वाक्यं मी त्याला म्हणून दाखवली. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, इथून सुरुवात करून. मग त्या ओळी वाचल्या. तो खाली मान घालून ऐकत होता. एके ठिकाणी त्यानं मला थांबवलं आणि म्हणाला, "हाव, असंच झालं व्हतं."

"न्हाई, सर," तो म्हणाला. "आता नका छापू."

मी कारण विचारायचं नव्हतं. दिगू कधी विचारत नसे. त्यानंच सांगितलं. "गावातले लोक आता इसरून राहिलेत. रामराम घालतेत. नाव न्हाई टाकलं तरी वाचणाऱ्याला वळखू येतंय, सर. तवा लई वाटायचं, छापून यावं. आत असताना रोज वाटायचं... तवाच छापायला पायजे व्हतं."

मी "हो" म्हणालो. त्याच्यासमोर लेखातल्या त्या ओळींवर काट मारली आणि मूळ कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तो चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला. "आलो व्हतो, एवढं लिवा," म्हणाला. म्हणून एवढं लिहिलं. त्याचं गाव, त्याचं दुखणं, त्याच्यावरचा आळ, यातलं काही इथे नाही, आणि यापुढेही कुठे येणार नाही.

चहा झाल्यावर तो कप घेऊन उभा राहिला. मोरी कुठे ते त्याला माहीत होतं. कप विसळून आणला, पालथा ठेवला, आणि दारापाशी थांबून वहिनींना विचारलं, "डाक्टरसाब कोणत्या स्टुलावर बसायचे?"

वहिनींनी मी बसलो होतो त्या स्टुलाकडे बोट दाखवलं. मी उठलो.