तळ्याच्या नाटकात धोंडू

आमच्या नाटकमंडळीचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर तो कधी एकटा येत नाही. मागून दुसरा येतो आणि "मला का वगळलंस?" म्हणून भांडायला लागतो. मंडळी तरी केवढी! मी, बाळू, धोंडू आणि पडेल ते काम करणारी वर्गातली चारदोन पोरं.

नाटक तळ्याचं. तहानलेला एक अस्पृश्य गावच्या तळ्यावर पाणी पितो आणि गाव त्याच्या अंगावर धावून जातं, एवढीच गोष्ट. तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात हाच वाद पेटला होता. लिहिलं मी आणि धोंडूने. धोंडू महारवाड्यातला. शाळेत व्हरांड्यात बसून शिकायचा. त्याला एकच हवं होतं. ते काम स्वतः करायचं आणि सगळ्या कर्जतसमोर ओंजळभर पाणी प्यायचं.

*

तालमीला जागा मागायला धर्मशाळेच्या पंचांकडे गेलो. पंच उदार!

"खुशाल करा तालीम," म्हणाले. "धोंडू काय, खिडकीबाहेरून बोलेल!"

मग आम्ही दर रविवारी चालत कोंडाण्याची लेणी गाठू लागलो. तिथे कोण कुठे बसलाय हे बघायला म्हातारं माणूस नव्हतं. एकच दगडी छत, आणि एकाच फडक्यातली भाकरी.

*

एकदा मारहाणीचा सीन ऐन रंगात आला होता. बाळू पाटील झालेला. धोंडूवर त्याने काठी उगारली, तेवढ्यात मोळी घेऊन चाललेली एक ठाकरीण आत आली. मोळी टाकली आणि बाळूच्या हातातली काठीच हिसकावली.

"त्याला कशापायी मारतंस रं? पाणीच प्यायला ना?"

"अहो मावशी, हे नाटक आहे!"

"मंग नाटकात तरी पिऊ दे की!"

*

हेडमास्तरांच्या परवानगीशिवाय नाटक होणार नव्हतं. त्यांनी वही वाचली आणि घाम पुसला.

"विषय ज्वलंत आहे. तळं इथलं नको. पुराणकाळातलं करा. आणि तो अस्पृश्य... त्याचा राक्षस केलात तर?"

व्हरांड्यातून धोंडू म्हणाला, "सर, राक्षसाला तरी पिऊ देतील का?"

सरांनी उठून दार लावून घेतलं.

*

मग प्रकरण गेलं नाटक कमिटीच्या अध्यक्षांकडे. अध्यक्ष म्हणजे आमचे सुधारक वकीलसाहेब. सभेत अस्पृश्यता बुडवायचे, आणि घरी जाऊन स्वतः अंघोळ करायचे. त्यांना नाटक फार आवडलं!

"काही बदलू नका. तळं इथलंच ठेवा. फक्त अस्पृश्याचं काम आपल्यातल्या मुलाने करावं. बाळू करेल. लोकांपर्यंत विचार पोचला पाहिजे, विटाळ नव्हे!"

हेडमास्तरांनी मान डोलावली. मी त्यांना तोंडावर भेकड म्हटलं. त्यांनी मला काढायच्या आत मीच शाळा सोडली. आजही त्याचं वाईट वाटत नाही.

धोंडूने सगळं ऐकून घेतलं. "मंग मी काय करू रं?"

"प्रॉम्प्टर. पडद्यामागे," मी म्हणालो.

"म्हंजी व्हरांडाच की!"

*

शाळा मला आठवत नाही. आठवतात ते रविवार. बाळू पुण्याला चिकटला, धोंडू मुंबईला गिरणीत गेला. मी इथेच आहे, ज्यांच्यावर चिडायचं त्याच म्हाताऱ्यांच्या गावात. कधी कोंडाण्याकडे गेलो तर लेण्यात उभा राहून नाटकातलं धोंडूचं वाक्य मोठ्याने म्हणतो. लेणं ते परत देतं, पण माझ्याच आवाजात.

*

नाटक झालं ते भर दुपारी, मांडवात. पुढच्या खुर्चीत वकीलसाहेब. तळं म्हणून त्यांच्याच घरचं तांब्याचं घंगाळ मांडलेलं. महारवाडा मांडवाबाहेर उन्हात.

पडदा वर जायची वेळ झाली आणि बाळूने अंगावरचं घोंगडं काढून धोंडूच्या खांद्यावर टाकलं. आपली खोटी दाढी काढून त्याला लावली, तोंडाला हातानेच काजळी फासली.

"माझा घसा बसलाय," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "प्रॉम्प्टिंग मी करतो. जा!"

धोंडू गेला. घंगाळात दोन्ही हात बुडवले, ओंजळ भरली आणि प्यायला. सावकाश. बाहेर उन्हात त्याच्या आईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पडदा पडला तसे वकीलसाहेब रंगमंचावर चढले. डोळे ओले. दाढीवाल्याला त्यांनी पोटाशी धरलं, स्वतःच्या हाताने पेढा भरवला आणि उरलेला अर्धा आपल्या तोंडात टाकला.

"शाब्बास, बाळू! रडवलंस! फक्त एक सांगतो, रागावू नकोस. त्या लोकांसारखं बोलणं काही तुला साधलेलं नाही."

धोंडू खाली मान घालून म्हणाला, "व्हय साहेब. पुढल्या खेपेला सुधारतो."