गोलघुमटातलं ‘बोला’

सोलापूरहून विजापूरला जाताना दिन्या गाडीत गुडघेदुखीबद्दलच बोलत होता. हॉस्टेलात आम्ही एका ताटात जेवायचो. मग कित्येक वर्षं भेट नाही. गोलघुमटाच्या सज्जात तो पार समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. इथे भिंतीशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू जातं. कॉलेजच्या सहलीत आम्ही इथूनच एकमेकांना मनसोक्त शिव्या दिल्या होत्या.

मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, “दिन्या, लेका, ऐकतोयस का रे?”

पलीकडून स्वच्छ आवाज आला, “हो, बोला ना.”

भांडून तुटलेली मैत्री एखादे वेळी सांधता येते. आदराने तुटलेलीचं काय करायचं?

घुमट ‘बोला ना, बोला ना’ म्हणत राहिला. शेवटी मी म्हटलं, “चला, निघूया.”