बारा नावांचं कार्ड

माझा नवरा हे न कळताच गेला, आणि लेकींनाही मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका. परवा नातीच्या कॉम्प्युटरवर कुणा अनोळखी माणसाचं पत्र आलं. "कशा आहात? ओळखलंत का?" एवढंच. तिनं हसून ते पुसून टाकलं. मी मात्र तिथंच बसून राहिले.

असंच पत्र मला आलं होतं. पोस्टकार्डावर.

झरीच्या पुढं आमचं गाव. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींची ती वर्षं. माझं नवीनच लग्न झालेलं, आणि सातवीच्या पुढं शिकलेली सून गावात मी एकटी — त्याचा काय ताठा होता म्हणून सांगू! पण मला पत्र कोण धाडणार? माहेर गंगाखेडला, निरोप यायचे ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी. आणि एके दिवशी लिंबाजी दारात उभा. लिंबाजी आमचा पोस्टमन. बौद्धवाड्यातला, कमी बोलणारा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवणारा. म्हणाला, "वैनी, तुमच्या नावाचं हाय."

"ताई, बरेच दिवस तुमची खुशाली नाही. सगळे बरे ना? आपला भाऊ." खाली कुठल्याशा लांबच्या शहराचा पत्ता. असला भाऊ मला नव्हता. एका मासिकाला कोड्याचं उत्तर धाडलं होतं, तिथूनच माझं नाव त्याला मिळालं असणार. कळत होतं हो मला! तरी मी उत्तर लिहिलं. माझ्या नावानं पत्र आलं होतं, आणखी काय पाहिजे?

चार कार्डं झाली आणि भाऊ मुद्द्यावर आला. तुमच्यासारखीच गावातली भली माणसं कळवा, त्यांना घड्याळं पाठवतो, अगदी स्वस्तात. मी बारा नावं लिहिली. आणि कशी? सातबाऱ्यावरची नव्हे, घरात हाक मारायची. थोरली माय, बाईआक्का, तात्याबा. मी सगळ्या गावाच्या किती जवळची आहे, हे त्या परक्या माणसाला दिसावं म्हणून.

मग गावात कार्डांचा पाऊस. थोरल्या मायीला वाटलं, हैदराबादेकडं गेलेला पुतण्याच लिहितो आहे, नाहीतर 'थोरली माय' म्हणणार कोण? पाठोपाठ व्ही.पी.ची पार्सलं आली. पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय ती हातात पडत नाहीत, उघडून बघायची सोय नाही. तिघांनी सोडवून घेतली. आत घड्याळ — काटे कागदावर छापलेले! थोरली माय रडली, पण घड्याळासाठी नव्हे, पुतण्यासाठी.

तेव्हा मी पेटले. रागानं, आणि — आता लपवून काय करू — भीतीनंही. आमच्या ओट्यावर सगळ्यांना जमवलं आणि बाराजणांच्या वतीनं उत्तरं लिहायला बसले. होय दादा, ओळखलं! दादा, घड्याळ फार आवडलं. दादा, माझ्या तिन्ही जावांना पण पाठवा. व्ही.पी. नाकारली की पार्सल पाठवणाऱ्याकडं परत जातं आणि टपालाचा खर्च त्याच्याच उरावर बसतो, हे मला ठाऊक होतं. आणि आली की हो पार्सलं! लिंबाजीच्या सायकलीला दोन्हीकडून पिशव्या लटकलेल्या. दारोदार एकच उत्तर — घ्यायचं न्हाई. थोरली माय तर पदर खोचून ओरडली, "धाड म्हनावं माघारी त्या मुडद्याला!"

आठवड्याभरानं भावाचं शेवटचं कार्ड. "ताई, असे का करता?" मी ते पारावर मोठ्यानं वाचलं आणि गाव पोट धरधरून हसलं. आजही आठवलं की मला हसू फुटतं. आम्ही जिंकलो होतो! पुन्हा एक कार्ड आलं नाही.

पंचायतीनं सत्कार ठेवला. पारावर खुर्ची, खुर्चीवर मी. सुनेला खुर्ची, आमच्या गावात! सरपंचांनी खण-नारळ दिला. नवरा मागं उभा राहून, आमची मंडळी, आमची मंडळी, असं ज्याला त्याला सांगत होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पर आपली घरातली नावं त्याला कळली कशी?"

सगळ्यांच्या माना लिंबाजीकडं वळल्या. घरोघर फिरणारा तोच ना? त्या वर्षांत त्याच्या वस्तीकडं बोट दाखवायला गावाला निमित्तच लागत होतं. ते मी पुरवलं. "तूच इकलीस नावं," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं त्याची गचांडी धरली.

पोस्टकार्ड उघडं असतं, नाही का? माझं बारा नावांचं कार्ड त्याच्याच पिशवीतून गेलं होतं. त्यानं ते वाचलं होतं — त्यानं माझ्याकडं पाहिलं तेव्हा मला कळलं. तो म्हणाला, "कुनाच्या कार्डात काय हाय, ते म्या चार लोकांत सांगत न्हाई." आणि थांबला. मी बोलावं म्हणून थांबला. नावं मी दिली — एवढंच तर म्हणायचं होतं. नवरा बघत होता, सगळं गाव... नाही, कारणं सांगत नाही. मी बोलले नाही.

लोकांनी त्याच्या हातून पत्र घेणं सोडलं. महिन्याभरात त्यानं आपणहून काम सोडलं आणि बायकापोरांना घेऊन येलदरीकडं मजुरीला गेला. पुढं त्याचं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी त्या नारळाच्या वड्या केल्या. छान जमल्या होत्या. घरोघर स्वतः नेऊन दिल्या, प्रत्येक दारात कौतुक ऐकत थांबले. परत येताना ताटात दोन उरल्या होत्या. समोरून लिंबाजी सायकल हातानं ढकलत येत होता. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो.

मी ताटावर पदर ओढला.