बॉयलरमावशीचे दोन कप

माझी मावशी कॉफीची मशीनं दुरुस्त करते. ऑफिसांतली, इस्पितळांच्या कॅंटीनमधली, कोपऱ्यावरच्या कॅफेंतली. वाफ सोडणारी, तीस-चाळीस किलोंची, नाठाळ मशीनं. गिऱ्हाइकं तिला बॉयलरमावशी म्हणतात. फोन आला की काका, म्हणजे तिचा नवरा, "बॉयलरमावशी कामावर आहेत, पत्ता सांगा" असं गंभीरपणे म्हणतो आणि लिहून घेतो.

धंदा मूळचा काकाचा. लग्नानंतर मावशी नुसती पाने-पक्कड धरायला त्याच्याबरोबर जायची. दोन वर्षांत तिचा हात असा बसला, की अडलेलं मशीन काका स्वतःहून तिच्यापुढे सरकवायला लागला. पुढे त्याची पाठ गेली. तेव्हा त्याने फोन आणि स्वयंपाकघर घेतलं, हिने हत्यारांची पेटी घेतली. या अदलाबदलीवरून दोघांत कधी कुरबूर झाल्याचं मला आठवत नाही. मावशीला कुरबुरीला वेळ नव्हता आणि काकाला रांधायची हौस होती.

मशीन सुरू झालं की त्यातला पहिला कप मावशीचा. पूर्ण कप, शेवटच्या थेंबापर्यंत. "दाबाचा काटा काय, कुठेही उभा राहतो. जिभेला फसवता येत नाही," ती म्हणायची. दिवसाला सहा-सात मशीनं, म्हणजे सहा-सात कप. गिऱ्हाइकं मायेने साखर घालत, कोणी कॅरॅमल ओतत, कोणी वर क्रीमचा डोंगर रचत. आठ वाजता पहिला कप मिळणारच आहे म्हणून सकाळी घरून उपाशी निघायचं. दुपारपर्यंत भूक मेलेली, मग पेटीतली चार बिस्किटं. संध्याकाळी काकाने जीव ओतून केलेलं जेवण समोर आलं, की दोन घासांत हिच्या पापण्या जड. काका ताट झाकून ठेवायचा.

त्रेपन्नाव्या वर्षी एका सिनेमागृहाच्या कॅंटीनमध्ये ती मशीन ओट्यावरून उतरवत होती. तसं हजार वेळा उतरवलेलं. पण त्या दिवशी अर्ध्यातच दंडातलं बळ संपलं. मशीन निसटलं आणि त्याच्या पत्र्याने हाताला कोपरापासून मनगटाकडे चीर पडली. सात टाके पडले. टाके निघाले तरी जखम धड भरेना. पाच आठवडे पट्ट्या बदलणं चाललं, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्त कमी, साखर काठावर. मावशीचा दंड दोन बोटांत धरून त्यांनी विचारलं, "जेवता काय तुम्ही?"

"सगळं," मावशी म्हणाली.

त्यांनी तिला इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी सोबत गेले, कारण काकाला ठाऊक होतं की एकटी गेली तर बाहेरच्या बाहेर परत येईल. बाई तरुण, माझ्याच वयाच्या, आवाज हळू, नजर मात्र एकदा रोखली की हलत नाही अशी. त्यांनी मावशीपुढे कागद ठेवला. "काल दिवसभरात पोटात काय काय गेलं, ते लिहा."

मावशीने दुरुस्तीचा अहवाल लिहावा तसं लिहिलं. आठ वाजता, विमा कार्यालय, कॉफी मोठी, साखर दोन चमचे. साडेनऊ, दातांचा दवाखाना, कॉफी, साखर तीन. असं खाली खाली.

"आणि जेवण?" बाईंनी विचारलं.

"हेच की. दूध आहे ना त्यात."

"सगळीकडे दूध असतं?"

मावशी इथे अडकली. मशीनच्या पोटात काय असतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत? "निम्म्या ठिकाणी पांढरी पावडर असते," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "दुधाशी तिचं लांबचंही नातं नाही."

बाईंनी हिशेब मांडला. तुमच्या वजनाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं हवीत, जखम भरायची आहे तोवर जास्तच. कालची जेमतेम तीस. साखर मात्र वीस चमचे.

"म्हणजे कॉफी बंद," मावशी म्हणाली आणि पर्स उचलली.

"बंद कोणी सांगितली? कॉफी तुमच्या जेवणाच्या खुर्चीवर जाऊन बसली आहे. तिला तिथून उठवायचं, घरातून हाकलायचं नाही." बाई बोटांवर मोजायला लागल्या. "दोन कप घ्या. खऱ्या दुधाचे, बिनसाखरेचे. एक सकाळी खाऊन झाल्यावर, एक दुपारी तीनच्या आत. लोहाची गोळी संध्याकाळी, तिच्या आसपास कॉफी नको. आणि तिन्ही वेळच्या खाण्यात प्रथिनं हवीत. अंडी, मासा, दही, हरभरे, जे आवडेल ते."

"आणि मशीनची चव कोण बघणार? तुम्ही येता?"

"एक घोट घ्या, जिभेवर फिरवा, थुंका. चव बघायला घशाखाली उतरवावं लागत नाही."

मावशीने क्षणभर विचार केला. "हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं," ती म्हणाली. मावशीचं असंच आहे. पटलं नाही तर ब्रह्मदेव आला तरी नाही, आणि पटलं की तासाभरात ते तिचंच मत असतं.

घरी येताना तिने प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा घेतला. गरम कॉफीत दोन चमचे टाकले आणि ढवळलं. कपात गुठळ्यांचा चिखल झाला. काकाने चमचा उभा करून पाहिला. चमचा उभा राहिला. "भिंतीची भेग बुजवायला बरं आहे," तो म्हणाला. मावशी हार मानणारी नव्हे. पावडर आधी गार दुधात घोटायची आणि कॉफी वरून बारीक धारेने सोडायची, हे तिने तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. गुठळी एक नाही. पण आठवडाभराने तिनेच डबा मागे सारला. "दात शाबूत आहेत तोवर चावून खाईन. घाईच्या दिवसापुरता हा असू दे."

काकाची तर चैन झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातचं कोणीतरी सकाळी खात होतं. दोन अंडी, पाव, वाटीभर दही, आणि मग तो दुधाच्या कॉफीचा कप. डब्यात कधी उकडलेले हरभरे, कधी भाजलेला मासा. मावशी साडेबाराला जिथे असेल तिथे पेटीवर बसून डबा उघडायची. मशीन अर्धं उघडं असलं तरी. एका बँकेच्या साहेबांनी घड्याळ दाखवलं, तेव्हा तिने त्यांना पेटीच्या दुसऱ्या टोकाला बसायला जागा करून दिली.

अवघड गेली ती वाचनालयाखालची कॅफेवाली. मावशीची वीस वर्षांची मैत्रीण. प्रत्येक दुरुस्तीनंतर ती स्वतः उंच ग्लास भरून आणायची, कॅरॅमल, क्रीम, वर चॉकलेटचा चुरा. मावशीने पहिल्यांदा घोट घेऊन बेसिनमध्ये थुंकला, तेव्हा कॅफेवालीचा चेहरा पडला.

"बिघडलीय का?"

"उत्तम आहे."

"मग थुंकलीस कशाला? माझ्यावर राग आहे का?"

मावशीने बाही वर करून जखमेचा व्रण दाखवला आणि सगळं सांगितलं. कॅफेवाली म्हणाली, "म्हणजे वीस वर्षं मी तुला प्रेमाने उपाशी मारत होते."

"तू एकटी नाहीस गं, अख्खं शहर होतं," मावशी म्हणाली. "मला लहान कपात दे. दूध खरं, साखर नाही. आणि क्रीम तू खा, तुझ्या अंगाला लागेल." कॅफेवाली काडीसारखी आहे. ती हसली आणि लहान कप घेऊन आली.

जखम दोन महिन्यांत भरली. दंडाला बळ यायला सहा महिने लागले. त्यासाठी बाईंनी वजनं उचलायचा व्यायामही सांगितला होता, तो मावशी पाण्याच्या बाटल्यांनी करायची. साखर काठावरून मागे सरली. आणि इथे मावशीच्या डोक्यात जरा हवा शिरली.

तिला वाटायला लागलं की शहरातला प्रत्येक माणूस कॉफीवर जगतोय आणि सगळ्यांना सुधारायचं काम तिच्यावर आहे. मशीन उघडता उघडता व्याख्यान. एका छापखान्याचे मुकादम थकलेले दिसले, पाय सुजलेले. मावशीने ठणकावून सांगितलं, "रोज चार अंडी आणि दूध. महिन्यात धावाल." मुकादम भला माणूस, त्यांनी ऐकलं. तीन आठवड्यांनी त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांचं मूत्रपिंड अधू होतं, डॉक्टरांनी प्रथिनं मोजून खायला सांगितली होती, आणि आता तपासणीत आकडे बिघडले होते. बायको चिडली नव्हती, ते जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांना विचारायचं तरी होतंत."

मावशीने त्या दिवसाची कामं पुढे ढकलली. आधी ती आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली आणि झालेलं सांगितलं. बाईंनी तिची भीड ठेवली नाही. "तुमचं औषध तुमच्या मापाचं होतं. दुसऱ्याच्या मशीनला तुम्ही न उघडता सुटा भाग बसवता का?" मावशी म्हणाली, "नाही." तिथून ती मुकादमांच्या घरी गेली. मला तिने नंतर सांगितलं, की जिना चढताना इतकं जड तिला मशीन घेऊनही कधी वाटलं नव्हतं. तिने दारातच माफी मागितली. मुकादम म्हणाले, "अहो, मलाच अंडी आवडतात, म्हणून मी तुमचं ऐकलं. डॉक्टरांचं ऐकायला हवं होतं." पुढच्या तपासणीत त्यांचे आकडे पुन्हा जागेवर आले, आणि ते कळेपर्यंत मावशीला झोप लागली नाही.

तेव्हापासून कोणी विचारलं, तर ती बाईंचा नंबर देते. स्वतःबद्दल मात्र बिनधास्त बोलते, कारण स्वतःची खात्री तिला आहे.

आता ती साठीची आहे. मागच्या रविवारी मी गेले होते. काकाने मासा भाजला होता, मावशी हात धुऊन नुकती बसत होती, तेवढ्यात फोन वाजला. एका हॉटेलचं मशीन बंद, पन्नास पाहुणे कॉफीसाठी खोळंबलेले, पलीकडचा माणूस रडकुंडीला आलेला. काकाने फोन तिच्या कानाला लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मुख्य बटण बंद करा आणि पाणी सोडून द्या," ती म्हणाली. "मी पाऊण तासात पोचते. आत्ता जेवायला बसले आहे."

मग तिने माशाचा मधला तुकडा स्वतःच्या ताटात घेतला आणि माशाचे काटे बाजूला काढत सावकाश खायला लागली.