इंदापूरचा वर्ग आणि दोन मासिकं

माझ्याकडे नृत्याची दोन मासिकं येतात. एक शिकवणाऱ्यांचं, दुसरं शिकणाऱ्यांचं. दोन्ही मी शेजारी-शेजारी ठेवून वाचते आणि एकटीच हसते. शिक्षकांच्या मासिकातल्या विद्यार्थिनी एकदा सांगितलेलं कधी विसरत नाहीत. विद्यार्थ्यांच्या मासिकातले गुरू कधी ओरडत नाहीत. अशी माणसं बारामतीत कुणाला दिसली तर कळवावं, रिक्षा करून बघायला येईन.

यंदा मी या मासिकांवर एक डाव रचला. माझा कथकचा वर्ग बारामतीत घरीच भरतो. दर शनिवारी मात्र मी एसटीनं इंदापूरला जायचे, खतांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये शिकवायला. गुडघ्यांनी एसटीच्या पायऱ्यांशी असहकार पुकारला, तेव्हा ठरलं की इंदापूरचा वर्ग माझ्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनीनं घ्यावा, नाहीतर तो बंद. ती तिथलीच, विशारद झालेली. विचारलं तर म्हणाली, बघते ताई. महिना झाला तरी बघतच होती, आणि मला वाट बघणं जमत नाही. दूध तापेपर्यंतसुद्धा मी ओट्यापाशी ठरत नाही.

म्हणून शनिवारी दोन्ही मासिकांचे अंक मी हॉलमध्ये आरशाखाली जमिनीवर उघडून मांडले. तिला म्हटलं, वर्गासाठी यातलं एकच लावायचंय, तुलना करून सांग. शिक्षकांचं निवडलं तर होकार, दुसरं निवडलं तर नकार, हे मी मनाशीच ठरवून टाकलं होतं.

तिला सोडायला आलेल्या वडिलांनीच आधी दोन्ही उचलली. उसाचं वाण पारखावं तशी उलटसुलट करून पाहिली.

"ह्ये शिकवायचं, त्ये शिकायचं," ते म्हणाले. "मग नाचायचं कुठलं, बाई?"

ते गेले. ती दोन्ही अंक पुन्हा जमिनीवर उघडून, मांडी घालून वाचत बसली, मान वर न करता. मी धाकट्या मुलींना ततकार, म्हणजे पायांनी बोल वाजवणं, सुरू करून दिला आणि टाळी देत येरझाऱ्या घालू लागले. तिनं पान उलटलं की माझी टाळी पुढं पळायची. लय कधी दुप्पट झाली ते मला कळलंच नाही. सगळ्यांत लहान मुलगी धडपडली आणि तिचा पाय उघड्या अंकावर पडला. कागदाला पाय लागला म्हणून ती नमस्काराला वाकली. मागची तिच्यावर आदळली, तिचा पाय दुसऱ्या अंकावर. तीही वाकली. बघता बघता अख्खी रांग घुंगरं खुळखुळवत वाकलेली, आणि सम कुठल्या कुठं. नाचायच्या जागेवर कागद मांडणारी मी, आता ओरडणार तरी कुणावर?

लहानगीचे डोळे भरून आले होते. माझी जुनी विद्यार्थिनी उठली, अंक गोळा करून खिडकीत ठेवले आणि लहानगीसमोर उकिडवी बसली.

"पाय लागला, नमस्कार झाला. संपलं. चल, पहिल्यापासून."

मग तिनं टाळी धरली, अगदी संथ. बोल म्हणू लागली. मुलींचे पाय हळूहळू एका ठिकाणी आले. मी खुर्चीत बसले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मुली गेल्यावर ती म्हणाली, "ताई, वर्ग घेते मी. पण तुमी अचानक यायचं न्हाय."

"मी?"

"तुमी दारात दिसला की माझी लय सुटती. हे सांगायलाच महिना लागला."

मी छातीवर हात ठेवून, मान झुकवून, रंगमंचाला शोभेल असं वचन दिलं. मासिकाचं विचारायचं राहूनच गेलं. दोन्ही चालू आहेत.

आता शनिवारी दुपारी मी बारामतीच्या घरात या खोलीतून त्या खोलीत जाते. फोन उचलते, ठेवते. अट न येण्याची आहे, फोन न करण्याची नाही, अशी माझं मन वकिली करतं. एवढी लबाडी मी अजून केलेली नाही. येत्या शनिवारचं काही सांगता येत नाही.