दिराचा फ्लेक्स
वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवरून जाताना रॉकेलचा वास आला, की मला बाळकुमच्या नाक्यावरचा दिराचा फ्लेक्स आठवतो. दीर मोठ्या संघातून कबड्डी खेळायचा, टीव्हीवर दिसायचा. एकदा हॉटेलात दारू पिऊन त्याने एकाला मारलं, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि संघाने त्याला वर्षभर बाहेर बसवलं. लाजेने तो घराबाहेर पडेना. त्यातच कुणीतरी फ्लेक्सवरच्या त्याच्या तोंडाला डांबर फासलं. मी चारचौघांत कधी तोंड न उघडणारी, पण भर दुपारी स्टूल आणि रॉकेलचं फडकं घेऊन गेले आणि वर चढून पुसायला लागले. मंडळाची पोरं हसली, "वहिनी, उतरा खाली, हिरो काय आता धुऊन निघत नाही!" मी म्हटलं, "मारलं ते चुकलंच, त्याची शिक्षा तो भोगतोय. पण तो जिंकून आला तेव्हा गुलाल उधळत नाचलात ते तुम्हीच ना रे?" मी पुन्हा पुसायला लागले. तेवढ्यात डगमगणारं स्टूल एकदम स्थिर झालं. खाली पाहिलं, तर दीर दोन्ही हातांनी ते धरून उभा. "वहिनी, कानाजवळ राहिलंय अजून," तो सगळ्यांसमोर म्हणाला. आजही मी कमीच बोलते, पण तो वास आला की माझी मान आपोआप ताठ होते.